नारळाच्या मोडीपर्यंत अठरा

(पळसझरी घाटाचा पायथा, सकाळची वेळ. पांढऱ्या रेघेमागे स्पर्धेच्या गाड्यांची रांग. आठ नंबरची जिप्सी सुरू आहे; चाकामागे प्रतीक्षा, बाहेर म्हातारा सहदेव. ऋत्विक स्पर्धेच्या आयोजकांपैकी.)

प्रतीक्षा : काका, बसा न एका जागी! तुमच्या येरझाऱ्या पाहून मले घाम फुटून राह्यला.

सहदेव : बसतो. काल सरावात किती वेळ लागला म्हनली तू?

प्रतीक्षा : तिसऱ्यांदा विचारून राह्यले तुम्ही. दोन मिनिटं एकोणसाठ. बाबाचे जुन्या स्पर्धेतले दोन एकावन्न. आज भिमाबाईच्या मोडीपासून वर ब्रेकले पायच लावत नाही. मंग पाहू.

सहदेव : पायच लावत नाही म्हंजे?

ऋत्विक : मॅडम, हेल्मेट. आणि काका, तुम्ही प्लीज दोरीच्या बाहेर. आणि भिमाबाईच्या मोडीला आता मोड क्रमांक सहा म्हणायचं हं, आम्ही बोर्ड लावलेत.

सहदेव : सहा? भिमाबाई तिथं सात वर्षं चहाची किटली घेऊन उन्हात बसली. देऊळघाटापासून अमडापूरपर्यंतचे लोक भाकरी बांधून याचे, दगडावर बसाचे. गाडी दिसली का वरडाचे, "दुसरा टाक, दुसरा टाक!" डायवरले गिअर पब्लिक सांगे, साहेब. अन् तुम्ही सहा लिवता.

ऋत्विक : भारीच! पण वेळ कशी मोजायचात? आमच्याकडे तर गाडीने सेन्सरचा किरण तुटला की आकडा आपोआप येतो.

सहदेव : मी वर कड्यावर उभा. खाली लाल कपडा पडला का घड्याळ दाबाचं, गाडी वर आली का पुन्हा दाबाचं.

ऋत्विक : एकट्या माणसाच्या भरवशावर?

सहदेव : हाव. एकट्याच्या.

ऋत्विक : ग्रेट. चला, सात नंबर, पुढे घ्या! मॅडम, यानंतर तुम्ही.

सहदेव : प्रतीक्षा, इंजिन बंद कर.

प्रतीक्षा : काऊन? आत्ता तं गरम झालं.

सहदेव : बंद कर म्हनतो न!

प्रतीक्षा : केलं. काय झालं काका?

सहदेव : तुह्या बापाचे एकावन्न खरे नाहीत.

प्रतीक्षा : काय बोलता?

सहदेव : त्या दिवशी हवा लय होती. बिडी पेटत नव्हती. मी पाठ फिरवली, काडी ओढली, मान वर केली तं अर्जुनरावची जीप नारळाच्या मोडीवर. पहिल्याच मोडीवर, जिथं नारळ फोडतात. घड्याळ तव्हा दाबलं मी. आठ सेकंद गेले असतीन म्हनून आठ मिळवले अन् सांगून टाकलं. लोकायनं त्याले खांद्यावर घेतलं. मंग मीबी तोच आकडा धरून बसलो.

प्रतीक्षा : आठ नसतीन तं नऊ असतीन. एवढ्यासाठी...

सहदेव : अठरा. दुसऱ्या दिवशी त्याच जीपवर मोजलं. तीनदा मोजलं. नारळाच्या मोडीपर्यंत अठरा लागतात.

प्रतीक्षा : म्हंजे तीन मिनिटं एक.

सहदेव : हाव. तू कालच बापाच्या पुढं गेली, बाई.

प्रतीक्षा : मले नको असं पुढं जाणं! शाळेत होती तव्हापासून तो आकडा पाठ आहे मले. वरच्या दगडावर रंगवला आहे. बाबा गेले तं त्यायच्या फोटोखाली तोच लिवला. तुम्ही त्या फोटोले हार घातला, काका!

सहदेव : घातला.

प्रतीक्षा : बाबाले माहीत होतं?

सहदेव : त्या साली नाही. पुढच्या साली स्पर्धेतला दुसरा डायवर, उत्तमराव, त्या आकड्याच्या मागं लागला. भिमाबाईच्या मोडीवर ब्रेक न मारता गेला अन् खाली दरीत. पाय कापा लागला. तव्हाच बंद झाली स्पर्धा, ते आत्ता सुरू होऊन राह्यली. दवाखान्याच्या पायरीवर मी अर्जुनरावले सगळं सांगितलं. तो म्हने, खोट्या आकड्यापायी पाय गेला, हे उत्तमले कोन्या तोंडानं सांगू? भ्यालो आम्ही. दोघंबी भ्यालो.

प्रतीक्षा : म्हनून ते या घाटात पुन्हा कधी आले नाहीत. वरच्या गावात लग्न असलं तं बारा किलोमीटरचा फेरा मारत. आई म्हने, घाटाले भेतात. मीबी तेच समजली. मनातल्या मनात हसली त्यायले.

ऋत्विक : आठ नंबर! मॅडम, इंजिन बंद का? काही प्रॉब्लेम? नाव मागे घ्यायचं असेल तर आत्ताच सांगा.

प्रतीक्षा : नाही. येऊन राह्यली.

सहदेव : नको जाऊ. असा राग डोक्यात घेऊन नको जाऊ, माह्या माय.

प्रतीक्षा : राग तं आहेच. तुमचा आहे, त्यायचाबी आहे. आज इथून निघालो का सरळ उत्तमरावकाकाच्या घरी. मी एकटी सांगनार नाही. तुम्ही बोलजा, मी बाजूले बसतो.

सहदेव : येतो. बोलतो. पन आता?

ऋत्विक : तीस सेकंद, मॅडम.

प्रतीक्षा : इथून भिमाबाईची मोड दिसते न?

सहदेव : दिसते.

प्रतीक्षा : मंग तिकडंच पाहा. पाठ फिरवू नका. माह्या गाडीचे मागचे ब्रेकचे लाल दिवे लागलेले दिसले, का बसजा.