तेजाबाची नळी

घाटंजीच्या स्टँडवर यवतमाळच्या गाडीची वाट पाहत होतो. माझ्यापुढं एक सोनार उभा होता, अन् त्याच्यापुढं तांड्यावरची मानीबाई.

"सोनारदादा, यवतमाळले कायले?"

"मिस्त्री पाह्याले. दिवाळीपासून दुकान घरातच आणलं. दागिने तेजाबात उजळतो, तं वाफ कोंडते. ते नळीनं छपराच्या वर काढाची हाय."

"घाटंजीत मिस्त्री नाही?"

"हाय ना. गवंडी म्हणते, नळी टिनवाल्याचं काम. टिनवाला म्हणते, आधी छपरावरचे कवेलू काढणारा आण. कवेलूवाला म्हणते, लाकूड कापा लागते, सुताराले पूस. सुतार म्हणते, भिंतीतून काढ, गवंड्याले बलाव."

"मंग पुन्हा गवंडीच."

"तो आला. वर पाह्यलं अन् मलेच पुसते, आढं इतकं काळं काहून?"

"काहून हाय?"

"मागं चूल हाय ना. तिचा धूर."

"तो बी नळीतून जाईन?"

"नाही. नळी तेजाबाची. चूल येगळी."

"आमच्या तांड्यात चूल अंगणात रायते, म्हून पुसते. तुमच्या चुलीपाशी कोण बसते?"

"घरवाली."

"किती वर्सं झाले?"

"बावीस."

"अन् तेजाबाले?"

"चार महिने. घसा लय जळते बाई, रात्री झोप नाही येत."

"तिचा घसा?"

"तिनं तं कधी मिस्त्री पाहा म्हटलं नाही."

"गाडी लागली, दादा. चढा."

"थांब बाई. मंग नळ्या किती लागतीन?"