उभ्यानं दिलेली तोंडी परीक्षा

लातूरच्या बसस्थानकात राजश्री औशाच्या गाडीची वाट बघत बाकावर बसली होती. पलीकडच्या टोकाला एक म्हातारी होती. मधे राजश्रीची पर्स तेवढी होती, जागा होती. तरी म्हातारीची पन्नाशीला टेकलेली सून समोर उभीच होती.

“कशी झाली एम.ए.ची तोंडी?” म्हातारीनं विचारलं.

“आत्याबाई, परीक्षा घ्यायला औशाचे थोरले भावजी होते.”

“आपला वैजनाथ? अगं माय! मग?”

“मी पदर घेतला डोक्यावरून. ते म्हणले, बसा. आता थोरल्या दिरासमोर, भायासमोर, खुर्चीत कशी बसू? ऱ्हायले उभी.”

“अन् तो?”

“तेबी उठले. मग दुसरे म्हातारे सर अवघडले, तेबी उठले.”

“समदेच उभे?”

“हाव. उभ्यानंच प्रश्न, उभ्यानंच उत्तरं.”

“आली का उत्तरं?”

“पहिली आली. मग उभं ऱ्हाऊन पाय भरून आले, अन् समदं विसरले. सोमवारी परत या म्हणले.”

“लेकीचं लग्न लावून, घरदार सांभाळून शिकलीस, ती उभ्यानं नापास व्हायला?”

“तशी रीतच हाय न्हवं? तुम्हीच तर शिकवली.”

म्हातारीनं पायातली चप्पल उगाच सरळ केली.

“सोमवारी बसायचं. वैजनाथला मी सांगते.”

“न्हाई जमायचं, आत्याबाई. सवय न्हाई.”

“मग सवय कर. ये, हितं बस माझ्याजवळ.”

“तुमच्या बरोबरीनं?”

“बस म्हणते ना!”

राजश्रीनं मधली पर्स उचलून मांडीवर घेतली.