फोनवरचा ओनाबे

अरे, तुम्हाला ओनाबेचं सांगायचं राहूनच गेलं. गावात मोबाईल नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. मी तेव्हाही अशीच, शर्ट-पॅन्ट आणि बारीक केस. माधुरीचं आणि माझं जमलं होतं, पण मला काय म्हणायचं तेच आम्हाला ठाऊक नव्हतं. एकदा गोंदियाच्या सायबर कॅफेत तिनं वाचलं, की जपानमध्ये माझ्यासारख्या पुरुषी बाईला बोलताना 'ओनाबे' म्हणतात, आणि त्यातला 'नाबे' म्हणजे रांधायचा गंज, पातेलं. झालं! तेव्हापासून ती फोनवर मला ओनाबेच म्हणायची.

ते तिच्या आईनं ऐकलं. मी दवनीवाड्याला तिच्या घरी गेले, तर मावशीनं मला दारातच अडवलं.

"ललिता, खरं सांग. हा ओनाबे कोन आहे?"

"कोनी नाही, मावशी."

"गावचा आहे का गोंदियाचा? काऊन लपवून राहिली?"

"जपानी शब्द आहे, मावशी. गंजाले म्हनतात."

"गंजाले भेटाले कोनी पावडर लावून जाते का?"

मावशीनं माझा शर्ट पाहिला, केस पाहिले, मग कितीतरी वेळ तोंडाकडेच पाहत राहिली. मला वाटलं, आता ही माधुरीचं घराबाहेर पडणंच बंद करणार.

"दारू पेते का तो?"

"नाही."

"तिले मारनार तं नाही ना?"

"कधीच नाही, मावशी."

"मंग दारात काऊन उभी आहेस? ये आत."