रविवारी येऊन नेऊ

पद्मिनी : कोट काढणार नाही मी. आधी सांगा, खाली बारमध्ये तो गणपती कुणाचा आहे?

श्रीरंग : पद्मा, अगं बस तरी. हे हॉटेलवाले कुठूनही काहीही उचलून आणतात. ज्यांनी चर्चचं हॉटेल केलं, ते बारमध्ये गणपती ठेवतील, बुद्ध ठेवतील, त्यांना काय!

पद्मिनी : त्याच्या डोळ्यांना माझ्या मंगळसूत्राचे मणी आहेत.

रुही : वेट. आई, काय?

पद्मिनी : तुझ्या जन्माच्या आधीचं आहे, रुही. हे चर्च होतं तेव्हा खालचं बेसमेंट आपल्या मंडळाला गणपतीसाठी मिळायचं. एटी-सिक्सला पुण्याहून मूर्ती आली ती फुटूनच. मग क्राफ्ट स्टोअरमधून माती आणली आणि मीच केली. माझं मंगळसूत्र नुकतंच तुटलं होतं, त्यातले दोन मणी डोळ्यांना लावले.

रुही : म्हणून बाबा कॅन्सल कर, कॅन्सल कर म्हणत होते? मला वाटलं गुडघे दुखतायत. मी तर फोटो बघून बुक केलं. तुमची अ‍ॅनिव्हर्सरी, जुनं चर्च, म्हटलं किती क्यूट...

श्रीरंग : दोन काळे मणी कुठेही मिळतात.

पद्मिनी : आणि मूर्तीखाली ती चिठ्ठी? फ्रेम करून लावलेली?

रुही : ती मी वाचली. ‘प्लीज फेकू नका. रविवारी येऊन नेऊ. एस.’ बारटेंडर म्हणाला, रेनोव्हेशनच्या वेळी मूर्ती आणि चिठ्ठी बॉयलर रूमच्या कपाटात सापडली, कॉयरच्या, म्हणजे चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या, झग्यांमागे. लोक फोटो काढतात तिचा.

पद्मिनी : हा एस कोण ते विचार तुझ्या बाबांना. इतकी वर्षं ग्रोसरी लिस्टवर तेच अक्षर वाचतेय मी.

(श्रीरंगरावांनी पलंगाच्या वरच्या रंगीत काचेच्या खिडकीकडे पाहिलं. काचेतला मेंढपाळही उत्तराची वाट बघत असावा, असं त्यांना उगाचच वाटलं. गुडघे मात्र आता खरोखर दुखायला लागले होते.)

श्रीरंग : तळ्यावर पोलीस होता.

पद्मिनी : काय?

श्रीरंग : मी आणि मंडळातला कुमार विसर्जनाला मूर्ती घेऊन उतरलो, तर तो समोर उभा. म्हणाला, पाण्यात काही टाकलंत तर दोघांची नावं लिहून घेईन. माझं ग्रीन कार्ड पेंडिंग होतं, पद्मा. कुमारला घरी सोडलं आणि मूर्ती परत इथे आणून कपाटात ठेवली. रविवारी पहाटे गुपचूप येणार होतो.

पद्मिनी : मी तेव्हा वर किचनमध्ये होते. महाप्रसादाची पातेली घासत. सहाच्या आत त्यांचं किचन स्वच्छ करून द्यायचं होतं. तुम्ही आलात तेव्हा ओल्या हातांनी विचारलं मी, नीट झालं ना विसर्जन?

श्रीरंग : हो म्हणालो.

पद्मिनी : हो नाही म्हणालात. ‘छान झालं’ म्हणालात.

रुही : पण बाबा, नंतर का नाही सांगितलं? म्हणजे, व्हॉट्स द बिग डील?

श्रीरंग : पहिल्या रविवारी इथे कुणाचं तरी लग्न होतं. दुसऱ्या रविवारी कपाटाला कुलूप. तेवढ्यात तुझ्या आईला दिवस राहिले आणि ती सगळ्या मंडळाला सांगत सुटली, बाप्पा पाण्यात गेले ते माझं मागणं घेऊनच गेले. आधीची दोन राहिली नव्हती, रुही. तिसऱ्या वेळी मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

रुही : कुठली दोन?

पद्मिनी : सांगेन बाळा. आज नाही.

श्रीरंग : आणि शास्त्राने बघशील तर उत्तरपूजा झाली होती. अक्षता वाहून मूर्ती हलवली होती. त्यानंतर ती नुसती माती.

पद्मिनी : शास्त्र तुम्ही मला शिकवू नका! नुसती माती होती तर चिठ्ठी कुणासाठी लिहिलीत? गणपती कपाटात राहिला याचा राग नाही मला. त्याचं तो बघून घेईल. अडतीस वर्षं आपण त्या तळ्यावरून जातोय. प्रत्येक वेळी मी गाडीतून हात जोडते. रुहीसाठी. शेजारी तुम्ही ड्राइव्ह करताय. एकदाही वाटलं नाही, हिला सांगावं?

श्रीरंग : मी गाडी स्लो करायचो ना, पद्मा. दर वेळी. तुला नीट हात जोडता यावेत म्हणून.

पद्मिनी : तेच तर! मला वाटायचं, तुम्हीही मनात जोडताय.

श्रीरंग : मी माफी मागायचो. त्याची की तुझी, ते मलाही कळायचं नाही.

रुही : आई, रडू नको ना. लिसन, मी मॅनेजरशी बोलते. त्यांना म्हणते, मूर्ती आमची आहे, चिठ्ठी बाबांची आहे. हॅण्डरायटिंग मॅच करून दाखवू.

श्रीरंग : दिली त्यांनी तर घरी नेऊ. बॅकयार्डमध्ये बादलीत करू विसर्जन. हल्ली सगळे तसंच करतात.

पद्मिनी : बादली नको. तळं तेच.

श्रीरंग : आणि पोलीस आला तर?

पद्मिनी : लिहू दे नावं. तुमचं नाव मीच सांगेन, स्पेलिंगसकट.

रुही : आई!

पद्मिनी : रुही, माझा कोट ठेव तिकडे. आणि मॅनेजरला विचार, सकाळी सातला बार उघडून देईल का.

श्रीरंग : सातला? उद्या?

पद्मिनी : उद्या रविवार आहे. आणि मी येणार बरोबर. तुम्हाला एकट्याला नाही पाठवत आता.