पिंपावरचा आरसा

साडेपाचलाच अंधार पडला होता. यॉर्कशरमधल्या आमच्या आकाशदर्शन मंडळाच्या दुर्बिणीपुढे थंडीत रांग लागली होती. माझ्यामागे दोघी म्हाताऱ्या.

"अगं एनिड, या दुर्बिणीचा आज शेवटचा दिवस. नवी आली की बटण दाबायचं, तारा तीच शोधणार म्हणे."

"मग आपण काय, नुसता चहा ढोसायचा?"

"हिच्यातला आरसा तुझ्या विल्फनंच काच घासून बनवला होता ना?"

"एकट्यानं कुठला! पिंपावर काच ठेवायची आणि भोवती फिरत घासायची. तो दमला की मी. लग्नाआधीचा अख्खा हिवाळा."

"एवढा वेळ लागतो?"

"छे! नाताळातच झाला होता. मीच मार्चपर्यंत म्हणत राहिले, अजून जरा खडबडीत वाटतोय."

"आणि विल्फला कळलं नाही?"

"अगं, आरशाचं मोजमाप तर रोज तोच घ्यायचा!"