सोनटक्क्याला शिवायचं नाही

थांबा, काकू, थांबा! हात लावू नका अजून. आमच्याकडे सोनटक्क्याला हात लावण्याआधी बाईमाणसाला एक प्रश्न विचारतात, तो मी तुम्हाला विचारत नाही, तुमच्या वयाला शोभायचा नाही. पण नियम तो नियम. बाजूला बसलेल्या बाईनं सोनटक्क्याला शिवायचं नाही, पाणी घालायचं नाही, तिची सावलीसुद्धा त्याच्यावर पडता कामा नये. पडली की झाड आठ दिवसांत जळतं. का जळतं? ते विचारायचं नाही. मी नऊ वर्षांची असताना विचारलं होतं, तर आमच्या जानकीआत्यानं सांगितलं — का म्हणजे काय, जळतं म्हणून जळतं. पुढं चार वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले, बी.एस्सी. झाले, पण इतकं पक्कं उत्तर एकाही प्राध्यापकानं दिलं नाही हो मला.

आता घ्या, घ्या एक फूल. वास बघा. आत्ता काय, नुसतं उमलायला लागलंय — दिवेलागणीला या मागच्या पडवीत उभं राहवत नाही, इतका घमघमाट. मुलुंडात एवढा दाट सोनटक्का दुसरा नाही असं आत्या सगळ्यांना सांगते. तुम्हालाही सांगितलं ना मघाशी, पोहे खाताना? “आमच्या घरी सोवळं आहे म्हणून फुलतो तो.” ऐकलं मी. दाराआडून ऐकत होते — मुलीनं दाराआडूनच ऐकायचं असतं. तुम्ही विचारलंत, “आमच्याकडे मालाडला सासूबाईंच्या वेळेपासून कडक चालत आलंय, चार दिवस बाजूला बसावं लागेल, मुलगी पाळेल ना?” आणि मी ट्रे घेऊन आत यायच्या आधीच आत्यानं सांगून टाकलं — “पाळते म्हणजे? डोळ्यांत तेल घालून पाळते.” माझं लग्न, माझे चार दिवस, आणि होकार आत्याचा! म्हणून तुम्ही परसू दाखव म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, एक माणूस तरी मलाच विचारायला आलंय. त्यासाठीच आलात ना? का नुसते कंद हवेत?

कंद देते की, त्यात काय. पण आत्ता नाही, आत्ता बहरात आहे. मे महिन्याच्या शेवटी काढायचे, पावसाच्या तोंडावर. आल्यासारखे दिसतात, बोटं बोटं असतात, प्रत्येक तुकड्याला एक तरी डोळा हवा. उभे पुरायचे नाहीत, आडवे निजवायचे, वर जेमतेम दोन बोटं माती. लोक खोल पुरतात आणि मग म्हणतात, आमच्याकडे रुजत नाही. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली, पायाशी सतत ओल — म्हणून तर ही जागा, न्हाणीघराचं पाणी इथूनच जातं. कुजलेला पाला घालायचा, जुनं शेण घालायचं. फुलून गेलेला दांडा तळापासून कापायचा, तो पुन्हा फुलत नाही, उगाच जागा अडवून बसतो. नाही, नाही, मी कुणाला उद्देशून नाही म्हणाले! तुम्हीच हसलात.

कोण करतं? मी करते. रोज. रोज म्हणजे तीसही दिवस, काकू. आता गंमत बघा — आमच्या घरी बाजूला बसायची जागा कुठली, माहीत आहे? ही. ही पडवी. त्या कोपऱ्यात चटई, हा तांब्या, आणि समोर दोन हातांवर सोनटक्का! झाडापासून लांब ठेवायचं म्हणून मला आणून झाडापाशी बसवतात. आणि घरातलं कुणी विटाळाच्या भीतीनं चार दिवस इकडं फिरकत नाही. मग मी काय करणार, जप? माती मोकळी करते, तण काढते, पाणी घालते. माझी सगळ्यांत जास्त मशागत त्या चार दिवसांतच होते. तीन वर्षं झाली. आत्या जे सोवळ्याचं फूल म्हणून देवाला वाहते ना —

बसा, बसा त्या दगडावर. मी बोलले म्हणून अशा दचकू नका. झाड उभंच आहे समोर, जळलंय का कुठं?

तरी पूर्वी एकदा जळलं होतं, ते खरं. आत्या तुम्हाला तो दाखला देईलच. इथं नव्हे, तिकडं विहिरीपाशी होता तेव्हा ताटवा. नऊ वर्षं झाली. वैशाख होता, घरातली सगळी बोरिवलीला लग्नाला गेलेली, मला घेऊन. माझी थोरली बहीण कुंदाताई तेवढी घरी — तिला नेणार कसं, ती बाजूला बसलेली. चौदा वर्षांची. दिवसभर एकटी. त्या उन्हात सोनटक्का मान टाकून बसलेला तिला बघवेना, म्हणून तिनं आपल्या आंघोळीचं बादलीभर पाणी त्याला घातलं. बस, एवढंच केलं. झाड टवटवीत झालं. आणि आत्या परत आल्यावर या वेडीनं आपण होऊन सांगितलं — आत्या, बघ, मी वाचवलं!

मग काय! आत्यानं शुद्धी आरंभली. गल्लीच्या टोकाला गुणाजी गवळ्याचा गोठा आहे, तिथून रोज सकाळी तांब्याभर गोमूत्र. ताजं, निखळ, पाण्याचा थेंब न मिसळता — मिसळलं तर शुद्धीच पातळ होईल ना! रोज एक तांब्या, अकरा दिवस, त्या वाळल्या मातीत, मुळांवर. काकू, तुम्ही काकडीला मीठ चोळता तेव्हा काय होतं? पाणी सुटतं. तसं त्या कंदांचं पाणी सुटलं. पाचव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी, अकराव्या दिवशी ताटवा खलास. आणि आत्या अंगणात उभी राहून शेजारणींना सांगतेय — बघा, पोरीनं शिवलं आणि जळलं की नाही? जाळणारा तांब्या हातात! रिकामा! आमचे भाऊ, म्हणजे माझे वडील, ओट्यावरून बघत होते.

हे मला तरी तेव्हा कुठं कळलं? दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत शिकले तेव्हा डोक्यात लख्ख झालं. घरी येऊन तुपाचे दोन रिकामे डबे घेतले, एकेक कंद लावला. एकाला फक्त बाजूला बसले असताना मी शिवायचं. दुसऱ्याला गोमूत्र, आत्याच्याच मापानं. पहिला कमरेएवढा झाला. तोच हा, इथं लावला. दुसरा वाळून काडी. दोन्ही डबे आत्यापुढं नेऊन ठेवले, म्हटलं आता बोल. तर म्हणते कशी, “त्या दुसऱ्याला कुणाची तरी सावली लागली असेल.”

हसा, हसा. मीही हसले होते. भांडुपला कुंदाताईकडं जाऊन हसत हसत सांगितलं — तिला दिलंय तिथं, चार वर्षं झाली. ती हसली नाही. तिच्याकडं छान मोठं अंगण आहे, काकू, आणि त्यात एक रोप नाही. तुळससुद्धा तिची जाऊ लावते. मी म्हटलं, अगं, तू नाही मारलंस, गोमूत्रानं मेलं, मी करून बघितलंय. ती म्हणाली, “राहू दे गं, माझा हातच तसा आहे.” मागच्या श्रावणात तिचं मूल पोटातच गेलं, सहा महिन्यांचं. तेव्हाही हेच म्हणाली. डॉक्टरीणबाई काहीतरी वेगळंच कारण सांगत होत्या, हिला ऐकूच येईना. माझा हातच तसा आहे.

हे मला तुम्हाला सांगायचं नव्हतं. आईनं दहादा बजावलं होतं, कुंदाचा विषय काढू नकोस, लोक म्हणतील बहिणीचं असं झालं तर हिचंही — जाऊ दे. काढला आता.

आणि एक काढतेच मग. पोहे मी केले असं तुम्हाला सांगितलं, ते आईनं केले. पण चहा माझा. तुम्हाला कुंकू लावलं ते मी. आणि आज माझा तिसरा दिवस आहे. अहो, खरंच! तुमचं कार्ड आलं, तुमच्या श्यामकांतना याच रविवारी सवड आहे. आता स्थळ चांगलं, सरकारी नोकरी, दादरपर्यंत सगळ्यांना सांगून झालेलं. शुक्रवारी आत्यानं विचार केला, शनिवारी निकाल दिला — “या खेपेला नाही पाळलं तर चालेल. देव समजून घेईल.” चौदा वर्षांच्या पोरीनं बादलीभर पाणी घातलं तेव्हा नाही समजला देव! तुम्ही येणार म्हटल्यावर समजला.

तोंड का असं करताय? दोन तास झाले चहाला. काही झालं का तुम्हाला?

ये आत्या, ये, दारात का उभी? आई, तूही ये. भाऊ, तुम्हीसुद्धा, मी मोठ्यानंच बोलतेय. काकूंनी एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तू परस्पर देऊन टाकलंस, आत्या. ते चुकीचं आहे. काकू, नीट ऐका. नाही पाळणार. मालाडला नाही आणि या घरीही आजपासून नाही. बाहेर बसलेत श्यामकांत, त्यांना हे असंच्या असं सांगा. एवढ्यावर त्यांना मी चालले तर मलाच येऊन विचारू देत, नाही चालले तर तसं लिहा. मात्र पत्रिका जुळत नाही असं लिहू नका.

डोळे काय वटारतेस, आत्या? ओरड ना. रोज ओरडतेस. बरं, तेही नको, मला फक्त एक वाक्य हवंय, काकूंच्या देखत. कुंदानं झाड मारलं नाही, मी मारलं. एवढं म्हण, उद्या भांडुपला जाऊन तिला सांगते, तुझ्या शब्दांत. माझं तिला पटत नाही. तुझंच पटेल तिला.

म्हण ना.

भाऊ, तुम्ही सांगा हिला. तुम्ही बघितला होतात तो तांब्या.

आई?