हात सोडायचा नाही

मँडव्हिलच्या चर्चमंडळींबरोबर आलेली मार्व्हा ओचो रिओसच्या धबधब्याखाली, वर चढायच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे दोन म्हातारी भावंडं होती, क्लॅरिस आणि तिचा धाकटा भाऊ युस्टस. मार्व्हाला ऐकायचं नव्हतं, पण क्लॅरिसचा आवाजच पाण्याला भारी.

"रबरी बूट घातलेस? लहानपणी याच दगडांवरून माकडासारखा पळायचास!"

"तेव्हा कुठे वाटाड्या होता, ताई? आई वर कपडे धूत बसायची आणि तिथूनच ओरडायची."

"ओरडायची मला. पडायचास तू."

"आणि वर पोचलो की भाजलेला नीरफणस! लंडनमध्ये झोपेतसुद्धा त्याचा वास यायचा गं."

"तिच्या मातीला आला असतास, तर मी भाजून दिला असता."

"हिंमत झाली नाही, ताई. आई नसलेलं घर बघवलं नसतं."

"मी बघितलं. रोज बघते."

तेवढ्यात वाटाड्याने टाळी वाजवली. "चला मंडळी, एकमेकांचे हात धरा! वर पोचेपर्यंत कोणी सोडायचा नाही. आजी, तुम्हीपण."

"मला काय सांगतोस? सोडून हा गेला होता, याला सांग."

युस्टसने हात पुढे केला.

"परत कधी निघतोस?"

"तू हाकलशील तेव्हा."

"बोलतोस फार. चढ आधी."

क्लॅरिसने दुसरा हात मागे केला. मार्व्हाने तो धरला, तेव्हा म्हातारीची पकड इतकी घट्ट बसली की तिची अंगठी मार्व्हाच्या बोटात रुतली.